पूर्वेकडची बाउंड्री

आमच्या क्लबाच्या तीन टीम होत्या. मोठ्यांची टीम कंपन्यांच्या शिफ्टप्रमाणे चालायची. कोण फर्स्टला आहे, कोण नाइट करून येणार, कुणाला ऐन वेळी ओव्हरटाइम लागला, हे सगळं शनिवारपर्यंत जुळवलं की रविवारी कसेबसे अकरा उभे राहायचे. त्यातला एखादा रात्रपाळी करून थेट मैदानावर आलेला असायचा आणि कव्हरला उभ्या-उभ्या पेंगायचा. आम्हा मुलींची टीम शनिवारी दुपारी खेळायची. लहानग्यांची टीम मुलामुलींची मिळून होती. तिला वेळकाळ नव्हता. शाळा सुटली की दप्तरं बाभळीखाली टाकून पोरं जी खेळायला लागायची, ती चेंडू दिसेनासा होईपर्यंत. माझी धाकटी बहीण मनी त्या टीमची विकेटकीपर होती. मी मुलींच्या टीममध्ये मध्यमगती गोलंदाजी करायचे, आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिन्ही टीमचे अंपायर होते. त्यामुळे आमच्या घरात नोव्हेंबर ते मार्च दुसरा विषयच नसायचा.

अण्णा लातूरकडचे. चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये पत्रा ठोकायच्या कामाला होते आणि प्रेसच्या धडधडीनं त्यांचा एक कान जवळजवळ गेला होता. चेंडूला बॅटची कड लागल्याचा आवाज त्यांना यायचाच नाही, तरी ते डोळ्यांनी बघून बोट वर करायचे आणि क्वचितच चुकायचे. आमच्या दोन खोल्या मैदानाच्या पूर्वेला, एका गल्लीत होत्या. रविवारी पहाटे आईची सुशीला करायची गडबड सुरू व्हायची. चुरमुरे भिजवून पिळायचे, फोडणीत भरपूर कांदा आणि शेंगदाणे, वरून डाळ्याचं कूट. इकडच्या लोकांना हा प्रकार माहीत नव्हता. पहिल्या वर्षी ते त्याला 'ओला चिवडा' म्हणून हसले आणि पुढच्या वर्षापासून सामन्याआधी विचारायला लागले, "वैशे, आज आईनं काय केलंय?" अजूनही मोहरी तडतडल्याचा आवाज आला की मला आधी तो पातेल्यावरचा ओला पंचा दिसतो आणि पंच्याच्या कडेनं हळूच घुसलेला मनीचा हात.

मैदान पोपटनानांचं होतं. गावच्या बाकीच्यांनी जमिनी विकून बंगले बांधले, गाड्या घेतल्या. नानांनीही काही विकलं, पण कंपनीच्या भिंतीला लागून असलेलं हे रान तेवढं त्यांनी राखून ठेवलं होतं. कुणी भाव सांगायला आलं की म्हणायचे, "आमी लहानपणी फळकुटानं खेळलो. ह्या पोरांना निदान जागा तरी असूं दे." सीझनच्या अखेरीस पन्नाशीपुढच्यांचा एक सामना व्हायचा. त्यात पायजमा खोचून, टोपी उलटी घालून नाना अंडरआर्म गोलंदाजी करायचे आणि विकेट मिळाली की लहान पोरासारखे हात पसरून पळायचे. त्यांचा मुलगा सागर मोठ्यांच्या टीमचा सगळ्यात वेगवान बोलर. आम्हा मुलींना गोलंदाजी त्यानंच शिकवली. तो कधी ओरडायचा नाही. चेंडू चुकीचा पडला की फक्त मान हलवायचा, जाऊन तो उचलून आणायचा आणि आपल्या तळहातावर ठेवून म्हणायचा, "परत टाक." एरवी त्याचे दोन टेम्पो होते. कंपन्यांचा माल वाहायचा.

मैदानाला एकच खोट होती. पूर्वेच्या अंगाला मोठा खड्डा होता. पूर्वी रस्त्यासाठी तिथून मुरूम काढला होता. चेंडू तिकडे गेला की कुणीतरी खाली उतरायचं, झुडपांत शोधायचं, तोवर सामना थांबलेला. त्या वर्षी दिवाळीनंतर सागर म्हणाला, "नाना, मी भराव आणतो. खड्डा बुजवून टाकू." नाना खूश झाले. काही आठवडे संध्याकाळनंतर गाड्यांचे आवाज यायचे. आमच्या गल्लीतली कुत्री भुंकायची आणि मग गप्प व्हायची. एके दिवशी बघतो तर खड्डा नाही. त्याच्या जागी लाल मुरमाची सपाट, रोलर फिरवलेली जमीन. नानांनी नारळ फोडला. चुन्यानं नवी बाउंड्री आखली आणि तिच्यावरचा पहिला सामना आम्हा मुलींना मिळाला. तळेगावच्या मुलींना आम्ही हरवलं. त्या सीझनची सुरुवात इतकी चांगली झाली होती, की पुढं जे दिसत गेलं ते कुणाला बघावंसंच वाटलं नाही.

आधी वास आला. आमच्याकडे वासाचं कुणाला काही वाटत नसे. वारा एका बाजूनं आला की रबराचा, दुसऱ्या बाजूनं आला की पेंटचा, आणि पावसाळ्यात नदीवर पांढरा फेस तरंगायला लागला की त्याचा. पण हा वास वाऱ्यानं यायचा नाही. तो ऊन चढलं की खालून यायचा. नखं रंगवायच्या पॉलिशसारखा गोडसर, आणि त्याच्या मागं सडक्या लसणीसारखं काहीतरी. डीपला उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. आम्ही म्हणायचो, कंपनीनं काहीतरी सोडलंय. मग संक्रांतीनंतर मैदानावर सगळीकडे सावकाश हरळी पसरली. बाउंड्रीपाशी येऊन थांबली. त्या पट्ट्यावर एक काडी उगवली नाही. मधोमध परातीएवढी एक जागा कायम ओली असायची. पाऊस नाही, पाण्याचा पाइप नाही, तरी ओली. सकाळी मैदानभर किडे टिपत फिरणारे बगळे त्या बाजूला जात नाहीत, हे पहिल्यांदा मनीनं पाहिलं. तिनं मला दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "त्यांना मुरूम आवडत नसेल," आणि रनअप मोजायला गेले.

मारुंजीच्या आयटीवाल्यांची टीम आली होती त्या रविवारी त्यांच्या एका बॅट्समननं सागरला मिडविकेटवरून उंच मारलं. चेंडू त्या ओल्या जागेत पडला आणि काही वेळ तिथंच राहिला. आमच्या फील्डरनं तो उचलून फेकला, सागरनं हातात घेतला आणि पाहत राहिला. मी सीमेबाहेर बसून धावा मांडत होते. सागर अण्णांकडे गेला, चेंडू दाखवला. एका बाजूचं लाल चामडं पांढरं पडून त्याचा पापुद्रा सुटला होता. अण्णा म्हणाले, "हे काय झालंय की?" सागर म्हणाला, "माल खराब आलाय अण्णा, दुसरा घेऊ." आणि तो चेंडू त्यानं खिशात घातला. खेळाडू खराब चेंडू फेकून देतो, खिशात घालत नाही. पण नवा चेंडू आला, सामना पुढे सरकला आणि आम्ही जिंकलो.

त्यानंतर मी सागरकडे बघायला लागले. तो स्वतः कधी पूर्वेला फील्डिंगला जात नव्हता. आमच्या सामन्यात तो बाहेरून फील्ड लावायचा, तेव्हा मिडविकेटच्या पोरीला सारखा हातानं खुणावायचा, "आत ये, अजून आत." लहानग्यांच्या खेळात तर त्यानं चुन्याची नवीन रेघ मारली, बरीच आतून. "लहानांना लहान मैदान पाहिजे," असं म्हणाला. पोरं कुठली ऐकतात! षटकार मारला की चेंडूमागे सगळे पळायचेच. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस तेव्हा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसा फाडून ओरडायचा, "मागं फिरा! मागं फिरा म्हणतो ना!" पोरं दचकून थांबायची. आम्हाला वाटलं, मोठ्यांची टीम सेमीफायनलला गेली आहे, त्याचं दडपण असेल.

फेब्रुवारी सरत आला होता. एका संध्याकाळी मनी घरी आली ती पाय फाकवून चालत. पोरं दम खायला बाउंड्रीवर बसली होती आणि मनी त्या ओल्या जागेशेजारी मांडी घालून बसली होती. आईनं तिची चड्डी काढली तेव्हा दोन्ही मांड्यांच्या मागची कातडी लाल झाली होती आणि जागोजाग पाण्यानं भरलेले फोड आले होते. गरम पातेलं टेकवावं तसे. मनी रडत नव्हती, आणि त्याचीच आईला जास्त भीती वाटली. दवाखान्यात विचारलं, कशावर बसली होती? अण्णा म्हणाले, "जिमिनीवर." त्यावर डॉक्टर म्हणाले, उन्हानं तापलेली असेल, किंवा कुणी खत टाकलं असेल. मलम दिलं. आई रात्रभर तिला पालथी निजवून वारा घालत होती.

ते डाग अजून आहेत. मनीला आता दोन मुलं आहेत, ती नाशिकला असते. दर वर्षी एकदा ती रक्त तपासून घेते. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आम्ही दोघी फोनवर भाजीपाल्याचं, शाळेच्या फीचं, पावसाचं बोलत राहतो. मग तिचा फोन येतो, "नॉर्मल आहे गं," आणि दोघी लगेच फोन ठेवतो.

दोन दिवसांनी सागर घरी आला. हातात सफरचंदांची पिशवी. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, आईनं सुशीलेची ताटली पुढं ठेवली. मनी पालथी पडून चित्रं काढत होती. तिनं मान वळवली आणि म्हणाली, "सागरदादा, मी परत कीपिंग करणार आहे हां." सागर तिच्या पायांकडे बघत होता. आईनं मलम लावून उघडेच ठेवले होते. त्यानं चमचा उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, "मुंबईचे मोठे डॉक्टर आहेत ओळखीचे. नेऊ का हिला?" अण्णा म्हणाले, "उगं कशाला? बरं व्हायलंय की." तो उठला आणि चपला घालून निघून गेला. ताटली तशीच भरलेली होती. तो गेल्यावर अण्णा आईला म्हणाले, "ह्या लेकराला काहीतरी झालंय बघ. आजारी हाय का काय." तिनं ती सफरचंदं कुणाला खाऊ दिली नाहीत. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं आणि नंतर सांगायची गरज उरली नाही.

त्या वर्षी देवळापुढची होळीची जागा काँक्रीट झाली होती. काँक्रीट तडकेल म्हणून तिथं होळी पेटवू नका, असं ठरलं. नाना म्हणाले, "मंग माझ्या रानात करा की. पूर्वेला मोकळं हाय, पीचपासून लांब." होळीच्या दिवशीच पन्नाशीपुढच्यांचा सामना ठेवला होता, म्हणजे सगळं गाव मैदानावर. मोठ्यांची फायनल पुढच्या रविवारी होती, आमची त्याच्या आधी शनिवारी. बाजूला नाना आपली अंडरआर्म गोलंदाजी करत होते, आणि तिकडे लहानग्यांची टीम घराघरांतून गोवऱ्या, लाकडं, मोडक्या खुर्च्या ओढून आणत होती. मधोमध एरंडाची फांदी पुरली होती आणि तिच्याभोवती रचत-रचत ढीग माणसाच्या उंचीच्या वर गेला होता. तो बरोबर त्या उघड्या, लाल जागेवर होता. वास त्या दिवशी इतका होता की बायका पदर नाकाला लावूनच नैवेद्याची ताटं घेऊन उभ्या होत्या.

सागर दुपारपासून नानांच्या मागं लागला होता. मी पाणी द्यायला गेले तेव्हा ऐकलं. "नाना, वरनं तारा गेल्यात. इथं नको." नानांनी वर पाहिलं. "तारा तिकडं हायत." थोड्या वेळानं पुन्हा आला, "देवळापुढंच करू. पत्रा टाकू खाली." नाना म्हणाले, "आरं, पोरांनी एवढं रचलंय आन् आता कुठं हलवतोस? जा, नारळ आण." सागर गेला. सामना संपला, नानांना एक विकेट मिळाली, ते हात पसरून पळाले, सगळे हसले. ऊन उतरलं. पूजा झाली. मनी आणि तिची टीम ढिगाभोवती हात धरून गोल उभी होती, तोंडावर हात मारून बोंब मारायची तयारी करत. नानांनी काडेपेटी हातात घेतली.

सागर भिंतीच्या बाजूनं धावत आला. काही न बोलता त्यानं ढिगात हात घातला आणि लाकडं ओढून लांब फेकायला लागला. गोवऱ्या, खुर्च्या, एरंडाची फांदी. एक लाकूड कुणाच्या तरी पायावर पडलं. दोघांनी त्याला मागून धरलं, त्यानं झटकून दिलं. लोक म्हणाले, प्यायलाय. नाना पुढे झाले.

"आरं, सणाचा दिस हाय. पिऊन आलास व्हय?"

"पेटवू नका, नाना." त्यानं नानांचा काडेपेटीचा हात धरला. "खाली पिंपं हायत."

"कसली पिंपं?"

"कंपन्यांची. लांब नेऊन जाळायचा टाकाऊ माल असतो, तो इथंच टाकला. थिनर हाय, ॲसिड हाय, अजून काय काय हाय. मला समद्यांची नावं बी ठाव न्हाईत." तो खाली बसला. "काडी लावली तर समदं उडंल. पोरांना लांब घ्या. पाया पडतो, आधी पोरांना लांब घ्या."

सगळ्यांत आधी अण्णा धावले. अंपायरच्या पांढऱ्या कोटातच त्यांनी मनीला कमरेवर उचललं आणि पळत सुटले, मग एकदम सगळ्यांचीच पळापळ झाली. ताटं पडली, पुरणपोळ्या पायाखाली गेल्या. मी दोन पोरांचे हात धरून पश्चिमेच्या टोकाला पोचले आणि मागं वळून बघितलं. नाना तिथंच उभे होते. काडेपेटी त्यांनी सावकाश सदऱ्याच्या खिशात घातली. त्यांनी सागरवर हात उचलला नाही. त्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं आणि लहान मुलाला आणावं तसं चालवत आमच्याकडे घेऊन आले. आल्यावर मोठ्यांच्या टीमच्या कॅप्टनला म्हणाले, "पोलिसांना फोन लाव."

सागरच्या आईनं त्यांचे पाय धरले. "अवं, पोटचं पोर हाय तुमचं."

नाना अण्णांच्या कमरेवरच्या मनीकडे बघत होते. "ही बी पोरंच हायत," ते म्हणाले.

त्या वर्षी गावात होळी पेटली नाही. दोन्ही फायनल झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी धुळवड कुणी खेळली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तोंडाला मास्क लावलेली माणसं, दोन जीप आणि एक जेसीबी आला. सागरला जागा दाखवायला आणलं होतं. मध्ये प्लॅस्टिकची पट्टी बांधून आम्हाला लांब उभं केलं होतं, पण मैदान मोकळं असल्यानं सगळं दिसत होतं. वरचा मुरूम निघाला आणि निळी पिंपं दिसली, काही चेपलेली, काही फुटलेली. सागर मान हलवून हो म्हणत होता. साहेब विचारतील ते सांगत होता. कुणी माल दिला, कुठं न्यायचा होता, तो कसा इथं वळवला. त्या माल देणाऱ्यांचं पुढं काहीच झालं नाही. सागर काही महिने आत होता. बाहेर आल्यावर त्यानं टेम्पो विकले आणि पुन्हा कधी हातात चेंडू धरला नाही.

जेसीबी अजून खाली गेला. निळ्या पिंपांच्या खालून काळी पिंपं वर आली. पत्र्याची, गंजलेली. त्यांच्याखाली पिवळ्या पिशव्यांचा थर, माती होऊन गेलेला, आणि त्यातून दाट तपकिरी पाणी झिरपत होतं. चालकानं मशीन थांबवून तोंडावरचा रुमाल घट्ट केला. सागर काठाशी गेला, वाकून पाहिलं आणि मागं सरकला.

"हे माझे न्हाईत," तो म्हणाला.

"मंग कुणाचे?" नानांनी विचारलं.

"ठाव न्हाई. लई जुने दिसत्यात. मी भराव टाकला त्याच्या आधीपासून असतील." त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव नव्हता, उलट इतके दिवस नव्हती तेवढी भीती होती. "नाना, मी एवढं खाली कधी गेलोच न्हाई."

मास्कवाल्या साहेबांनी हात वर करून काम थांबवलं. आपसात काहीतरी बोलले. मग मोठं काळं प्लॅस्टिक आणून त्यांनी ते सगळं झाकलं आणि कडेनं दगड ठेवले. अण्णा पट्टीखालून वाकून त्यांच्याजवळ गेले. मीही मागोमाग गेले, कारण अण्णांना एका कानानं नीट ऐकू येत नसे.

"साहेब, हे कुठपर्यंत असंल?"

"ते तपासावं लागेल. तुम्ही कुठं राहता?"

अण्णांनी बाउंड्रीच्या पलीकडे, आमच्या गल्लीकडे हात केला. साहेबांनी तिकडे पाहिलं, मग जमिनीच्या उताराकडे पाहिलं. तो उतार इतकी वर्षं रोज चालूनही आमच्या कधी लक्षात आला नव्हता.

"पाणी कुठलं पिता?"

"बोअरचं हाय. गल्लीत एकच हाय सगळ्यास्नी."

साहेबांनी वहीत नोंद केली. मग म्हणाले, "उद्यापासून टँकरची व्यवस्था करू. तोवर ते पिऊ नका."

"आन् आजपोतर पिलेलं?" अण्णांनी विचारलं.

साहेबांनी मास्क नीट केला आणि जीपकडे गेले. अण्णा माझ्याकडे वळले. "काय म्हणाले?" त्यांना वाटलं, साहेब उत्तर देऊन गेले आणि आपल्याला ते ऐकू आलं नाही. "काहीच म्हणाले नाहीत," मी सांगितलं. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं तेव्हा ती चुलीवरचं पातेलं उतरवत होती. तिनं ते तसंच दाराबाहेर नेऊन ओतलं. मग माठ ओतला, कळशी ओतली, मनीची शाळेची बाटली ओतली. शेजारची बाई दारात येऊन बघत उभी राहिली, आईनं तिला दोन वाक्यांत सांगितलं, आणि तीही आत जाऊन आपला हंडा घेऊन आली. अंधार पडेपर्यंत गल्लीभर तेवढाच आवाज येत होता, एकेका दारातून पाणी ओतल्याचा.